घर नसलेल्यांची खानेसुमारी

माणसे मोजण्याला मराठीत दोन जुने शब्द आहेत, खानेसुमारी आणि शिरगणती. खाने म्हणजे घरे. आधी घर मोजायचे, मग घरातली माणसे. जुन्या मोडी दफ्तरांतल्या गावांच्या याद्या या उंबरठ्याच्या हिशेबानेच चालतात. शिरगणतीत नुसती डोकी मोजायची. घर असो वा नसो, खांद्यावर डोके असले की झाले. युद्धातून पळालेल्या माणसांना मदत पोहोचवायची तर शिरगणतीच करावी लागते. पण सरकारांना आणि मदत संस्थांना सवय असते ती खानेसुमारीची. या कामातल्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तिथे आहे.

सुरुवात कुंभकोणमच्या मेलकावेरीपासून करू. कावेरीकाठचा हा भाग. इथून कावेरी पूर्वेला वाहत जाते आणि पूंपुहारला समुद्राला मिळते. उत्तरेला तिचाच मोठा फाटा, कोळ्ळिडम. मधला सगळा मुलूख भाताचा, आणि सुमारे सव्वाशे वर्षे तो तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातला. त्या राज्याच्या सनदा, हिशेब, याद्या मोडीत लिहिल्या जात होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी अजून शाबूत आहेत. तेव्हा इथल्या विस्थापितांची गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही.

१७८१ साली या मुलखात हैदरअलीची फौज शिरली. गादीवर तुळजाजी राजे होते. किल्ल्यात इंग्रजांची शिबंदी होती आणि किल्ल्याबाहेर उघडा पडलेला सुपीक प्रदेश. गावे जळाली, गुरे हाकून नेली गेली, पाटबंधारे मोडले, माणसे पकडून म्हैसूरकडे नेली गेली. १८ फेब्रुवारी १७८२ला टिपूने तंजावरजवळ अन्नगुडी इथे कर्नल ब्रेथवेटच्या इंग्रजी पलटणीचा पराभव केला. १७८० ते १७८२ या काळात तंजावरचे उत्पन्न ९० टक्क्यांनी घसरले असा अंदाज आहे. भाताच्या कोठारात भात नाही, अशी ती वेळ. खेड्यांतली माणसे किल्ल्याच्या आडोशाला आली. तटाच्या आत शिबंदी उपाशी आणि बाहेर रयत उपाशी.

तंजावरात तेव्हा ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी होता. पुढे सरफोजी राजांचा गुरू म्हणून जो ओळखला गेला, तोच. १७५०मध्ये तो तरंगमबाडीला उतरला होता. तमिळ, फारसी, मराठी अशा भाषा शिकला होता. भात स्वस्त होता तेव्हाच त्याने हजारो पोती घेऊन ठेवली होती, त्यांतून तो उपाशी माणसांना जेवू घालत होता. पण ती पोती कितीशी पुरणार? भोवतालच्या गावांत लपवलेले धान्य होते. राजाचे अधिकारी मागायला गेले, कंपनीचे अधिकारी मागायला गेले, शेतकरी हलेनात. श्वार्ट्झने त्यांना एक साधी गोष्ट विचारली: का देत नाही? उत्तर सरळ होते. पूर्वी बैल नेले, धान्य नेले, पैसे मिळाले नाहीत. श्वार्ट्झने स्वतःच्या शब्दावर पैशांची हमी दिली. एक-दोन दिवसांत हजाराच्या वर बैल जमले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तमिळ मुलखातले धान्याचे माप, आपल्या खंडी-मणासारखे. पुढे शांतता झाल्यावरही कारभाऱ्यांच्या जुलमाने रयत पुन्हा परागंदा झाली, तेव्हा याच माणसाच्या शब्दावर सुमारे ७,००० जण परतले.

श्वार्ट्झकडे नोंदवही नव्हती, तक्ते नव्हते. तरी त्याने जे केले त्याला आजच्या मदतकार्यात ‘गरजांचे मूल्यमापन’ असे जड नाव आहे. धान्य किती आहे, कुठे आहे आणि ते का बाहेर येत नाही, हे तीन प्रश्न. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही रकान्यात मावत नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच ते मिळते. मला तर वाटते, विस्थापितांचा कोणताही आकडा वाचताना पहिला प्रश्न ‘किती’ हा नसावा, ‘कोणी विचारले’ हा असावा.

आता आकड्यांचे गणित. छावणीत माणसे नेमकी किती हे कशाला हवे, आलेल्या सगळ्यांना द्या की, असे वाचकाला वाटू शकते. पण आणीबाणीच्या छावणीचे जगभर मानले जाणारे किमान निकष पाहा. माणशी रोज १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, २५० माणसांमागे एक नळ, झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. १०,००० माणसे धरली तर ५०० संडास आणि ४० नळ. माणसे प्रत्यक्षात १४,००० असली तर एका संडासामागे २८ जण येतात. रांग वाढते, मुले उघड्यावर बसतात, आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर हगवण सुरू होते. उलट आकडा फुगलेला असला तर जादा शिधा कोणाच्या तरी कोठारात जातो आणि तिथून बाजारात. मोजणीतली चूक अशी शेवटी पोटात उतरते.

मृत्यूचीही मोजणी असते. दर १०,००० माणसांमागे दिवसाला एकापेक्षा जास्त मृत्यू होऊ लागले की ती आणीबाणी समजायची. म्हणजे १०,००० हा खालचा आकडाच चुकला, तर वरचा मृत्यूचा आकडा खरा असूनही निष्कर्ष खोटा निघतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळून घेर पाहतात. ११५ मिलिमीटरच्या आत असेल तर मूल तीव्र कुपोषित. सगळ्या साधनांत ही पट्टी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तिला भाषा लागत नाही आणि कोणाची कागदपत्रेही ती मागत नाही.

मोजणी करतात तरी कशी? दारोदार जाऊन नोंद करणे सर्वांत पक्के, पण त्याला वेळ लागतो आणि शांतताही. ती नसेल तेव्हा गावातली जाणती माणसे गाठायची: शिक्षक, परिचारिका, धान्य दुकानदार. प्रत्येकाला वेगवेगळे विचारायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची विस्थापितांचा माग ठेवण्याची पद्धत बरीचशी याच तत्त्वावर उभी आहे. जिथे पाऊलही टाकता येत नाही तिथे उपग्रहाच्या छायाचित्रावरून छपरे मोजतात आणि छपरामागे सरासरी माणसे धरतात. म्हणजे फिरून खानेसुमारीच, फक्त आकाशातून.

श्रीलंकेच्या उत्तरेतल्या वन्नीत, २००९च्या जानेवारी ते मे या महिन्यांत, ही सगळी साधने होती. सैन्य आणि लिट्टे यांच्या मधोमध लाखो तमिळ माणसे कोंडली गेली होती. आत माणसे सुमारे ७०,००० असतील, असे फेब्रुवारीत सरकार सांगत होते. पण मुल्लैतीवू जिल्ह्यात काम करणारे सरकारचेच अधिकारी ३,३०,००० असा आकडा कळवत होते. त्याबद्दल त्यांना वरून समज मिळाली. आकडा निराधार ठरवला गेला. जहाजांतून अन्न आणि औषधे जायची ती अर्थातच लहान आकड्याच्या मापाने. मे महिन्यात युद्ध संपले आणि तारेच्या कुंपणांतल्या छावण्यांत दाखल झालेली माणसे मोजली गेली. ती सुमारे २,९०,००० निघाली.

मृतांची मोजणीही झाली होती. संयुक्त राष्ट्रांचा एक छोटा गट कर्मचाऱ्यांकडून, डॉक्टरांकडून आणि मदत संस्थांकडून येणारी माहिती जुळवत होता. तीन स्वतंत्र ठिकाणांहून दुजोरा मिळाला तरच मृत्यू पक्का धरायचा, असा त्यांचा कडक नियम होता. त्या हिशेबाने १३ मेपर्यंत ७,७२१ मृत्यू. ही यादी अपुरी असणार हे तयार करणाऱ्यांनाही माहीत होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञ समितीने ४०,००० पर्यंतची शक्यता नाकारता येत नाही असे म्हटले. पण त्या वेळी हा अपुरा आकडाही अधिकृतपणे जाहीर झाला नाही. नोव्हेंबर २०१२मधल्या अंतर्गत चौकशी अहवालात संयुक्त राष्ट्रांनी त्याबद्दल स्वतःलाच दोष दिला. माहिती गोळा करूनही दडवून ठेवली, याला माझ्या लेखी क्षमा नाही.

त्याच युद्धातली माणसे पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत येत होती. जुलै १९८३च्या दंगलींनंतर सुरू झालेला हा ओघ २०१२पर्यंत चालू होता, मध्ये थांबत, पुन्हा उसळत. भारत सरकारच्या हिशेबात जुलै १९८३ ते जुलै १९८७ या पहिल्या लाटेत १,३४,०५३ जण आले. सगळ्या लाटा मिळून ३ लाखांच्या वर. १,३४,०५३ हा आकडा इतका नेटका आहे की शेवटच्या तीनवर नजर अडते. तो इतका नेटका आहे याचे कारण दारावर मोजणी होती. बोटीतून उतरलेल्याला मंडपमच्या छावणीत नेत, तिथे पोलिसांच्या क्यू शाखेकडून चौकशी आणि नोंद होई, मग जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छावण्यांत पाठवणी. ही मंडपमची छावणी इंग्रजी अमदानीत सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, मळ्यांवर मजूर पाठवताना त्यांना अडकवून तपासण्यासाठी होती. त्याच दारातून माणसे एकदा जाताना मोजली गेली आणि नंतर येताना.

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे या माणसांच्या नोंदी दोन हेतूंनी होत राहिल्या. महसूल आणि पुनर्वसन खात्याला शिधा-भत्ता वाटायचा होता. पोलिसांना, विशेषतः १९९१मधल्या राजीव गांधींच्या हत्येनंतर, पहारा ठेवायचा होता. दोन्ही कामांसाठी हजेरी. छावणीतले कितीतरी पुरुष रंगकामाला बाहेरगावी जातात. हजेरीच्या दिवशी माणूस कोइंबतूरला कुणाच्या भिंतीवर ब्रश फिरवत असेल, तर भत्ता कापला जाण्याची भीती. एकाच माणसाचे नाव मदतीच्या वहीत आणि संशयाच्या वहीत असले की तो खरे उत्तर कोणत्या वहीसाठी देईल?

भत्त्याचे दरही रकान्यांवर ठरतात. ऑगस्ट २०२१मध्ये मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ते वाढवले: कुटुंबप्रमुखाला महिना १,५००, इतर मोठ्यांना १,००० आणि मुलांना ५०० रुपये. कुटुंबप्रमुख कोण, मूल कधी मोठे झाले, लग्न झालेला मुलगा त्याच कुटुंबात की वेगळा, या प्रत्येक उत्तराला रुपयांत किंमत आहे. त्याच वेळी विधानसभेत सांगितलेले आकडे असे होते: १०८ छावण्यांत ५८,८२२ जण आणि छावण्यांबाहेर पोलिसांकडे नोंद असलेले ३४,०८७ जण. छावण्यांना यापुढे ‘निर्वासित छावणी’ न म्हणता ‘पुनर्वसन छावणी’ म्हणायचे हेही तेव्हाच ठरले.

या सगळ्या वह्यांच्या शेजारी एक तिसरी वही होती, आणि ती निर्वासितांनी स्वतः उघडली होती. श्रीलंकेतले तमिळ नेते चेल्वनायकम यांचे पुत्र चंद्रहासन यांनी १९८४मध्ये ईलम निर्वासित पुनर्वसन संघटना काढली. लोक तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ऑफर’ म्हणतात. छावण्यांतलीच मुले-मुली कार्यकर्ते झाली. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणते मूल वजनाने कमी, कोणाची शाळा सुटली, हे त्यांना फॉर्म न भरता माहीत होते. पण त्यांची सर्वांत दूरदृष्टीची कामगिरी मला दुसरीच वाटते: छावणीत जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले, आणि त्यावरून श्रीलंकेच्या नागरिकत्वाची कागदपत्रे मिळवून देणे. शिधा आजचा असतो. जन्मदाखला तीस वर्षांनी लागतो.

लोकांनी स्वतःची मोजणी स्वतः करण्याचा आणखी एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांनी मागे किती जमीन सोडली, याचे दावे १९४८मध्ये मागवले गेले. महिनाभरात पाच लाखांवर दावे आले. जो तो वाढवून सांगणार हे उघड होते, आणि मूळ दफ्तर सीमेपलीकडे. तरलोक सिंग हे सनदी अधिकारी या कामावर होते. एका गावातून आलेल्या सगळ्यांची उघडी सभा भरवायची आणि प्रत्येक दावा मोठ्याने वाचायचा, अशी रीत पडली. शेजाऱ्याला ठाऊक असते कोणाची विहीर होती आणि कोणाचे माळरान. सभा दावा मान्य करी, कापी किंवा फेटाळी. नोव्हेंबर १९४९पर्यंत अडीच लाख वाटपे झाली होती. चावडीवर बसून वतनाचा तंटा सोडवणाऱ्या आपल्या जुन्या गोतसभेला ही पद्धत कळली असती.

कोल्हापूरकरांना वळिवडे आठवेल. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत हद्दीतून इराणमार्गे आलेल्या या लोकांत बायका, मुले आणि म्हातारेच जास्त होते, कारण पुरुष सैन्यात गेले होते. नुसते ‘पाच हजार माणसे’ म्हटले असते तर पाच हजार ताटे मांडली गेली असती. वय आणि लिंग लिहिले गेले म्हणून तिथे शाळा उघडल्या.

लिहिलेला रकाना काय करतो ते वळिवड्यात दिसते. न लिहिलेला रकाना काय करतो ते पाहायला मेलकावेरीहून नदीच्या उलट दिशेने तिरुचिरापल्लीला जावे लागते. तिथल्या कोट्टपट्टू छावणीत असे लोक आहेत ज्यांचे पूर्वज मूळचे तमिळनाडूचेच, इंग्रजांनी चहाच्या मळ्यांवर नेलेले. १९४८च्या सिलोन नागरिकत्व कायद्याने हा समाज बेदखल झाला. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांतल्या ५,२५,००० जणांना भारताने आणि ३,००,००० जणांना सिलोनने घ्यायचे ठरवले, पण अंमलबजावणी रखडली आणि मध्येच युद्ध आले. ही माणसे बोटीतून पळून आली तेव्हा दारावरच्या वहीत त्यांची नोंद बाकीच्यांसारखीच झाली: श्रीलंकन निर्वासित. मूळ भारतीय वंशाचे की जाफन्याचे, हा फरक नागरिकत्वासाठी सर्वांत महत्त्वाचा होता आणि वहीत त्याला महत्त्वच नव्हते. अशा ६५ जणांच्या अर्जावर जून २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने त्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली आणि केंद्राला त्यांचा विचार करायला सांगितले. तोवर काही जणांची तीन दशके छावणीत गेली होती.

माहिती गोळा करा म्हणताना तिच्या धोक्याविषयी न बोलणे बेइमानी ठरेल. बांगलादेशातल्या रोहिंग्यांची बोटांच्या ठशांसह नोंद झाली, शिध्याचे कार्ड मिळाले. ह्यूमन राइट्स वॉचने जून २०२१मध्ये दाखवून दिले की बांगलादेशाने त्यांतल्या किमान ८,३०,००० जणांची माहिती म्यानमारला दिली होती. ज्या सरकारपासून पळाले त्याच सरकारच्या हाती त्यांची नावे. परत पाठवण्याच्या तयारीसाठी ती दिली असे कारण होते. धान्यासाठी अंगठा टेकवताना किती जणांना ते समजले होते?

म्हणून मदत संस्थांत आता शहाणपणाचा एक नियम धरला जातो: जे विचारून मदत बदलणार नाही ते विचारू नका. चाळीस प्रश्नांची यादी घेऊन तंबूत शिरणाऱ्याला त्यातले तीस प्रश्न कशासाठी, हे सांगता आले पाहिजे. नियम चांगला आहे, पण तो पुरा नाही. जन्मदाखला आज शिधा बदलत नाही.

२०२४ अखेर जगात ८ कोटी ३४ लाख माणसे स्वतःच्याच देशात विस्थापित होती, त्यांतली ७ कोटी ३५ लाख संघर्ष आणि हिंसाचारामुळे. सीमा ओलांडलेल्यांसह बळाने हुसकलेल्यांची संयुक्त राष्ट्रांची बेरीज तेव्हा १२ कोटींच्या वर जात होती. या बेरजा जिनिव्हात होतात, पण त्यांतला प्रत्येक अंक कुठल्या तरी मंडपममध्ये, कुठल्या तरी टेबलामागे बसलेल्या माणसाने लिहिलेला असतो. त्या टेबलाच्या कोणत्या बाजूने तो लिहिला गेला हे बेरजेत दिसत नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने एक आदेश काढला. परदेशी नागरिकांसंबंधीच्या नव्या कायद्यातल्या, पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या शिक्षांतून त्याने श्रीलंकन तमिळांना सूट दिली. अट दोन शब्दांत आणि एका तारखेत मावते: ‘नोंदणी झालेले’, आणि ९ जानेवारी २०१५पर्यंत आश्रयाला आलेले. मंडपमच्या वहीत नाव असलेले सुटले. २०२२मध्ये श्रीलंकेतल्या आर्थिक संकटाला कंटाळून धनुष्कोडीच्या वाळूवर उतरलेली कुटुंबेही मंडपमलाच नेली गेली होती, पण या सवलतीत ती बसत नाहीत.